जेवायला ये, सायकल आणू नको

आप्पा सायकलची शर्यत डोळे मिटून बघायचे. पडेगाव सोडलं की दौलताबादच्या रस्त्यावर एके ठिकाणी वडाच्या फांद्या दोन्हीकडून वर जाऊन एकमेकींना भेटत. तिथं ते पहाटेच येऊन उभे राहायचे. धोतर, अंगात जाड स्वेटर, डोक्याला रुमाल, पण कान मुद्दाम उघडे ठेवलेले. पौषातलं धुकं इतकं दाट असायचं की समोरचं शेत, विहीर, विहिरीवरच्या शेळ्या, सगळं कुणीतरी अर्धवट पुसून ठेवल्यासारखं दिसे. मग लांबून बारीकशी सळसळ ऐकू यायची. ती वाढत वाढत अंगावर यायची, गालाला वारा लागायचा आणि पुन्हा सगळं शांत व्हायचं. आप्पा डोळे न उघडता म्हणायचे, "हा जावेद गेला बगा."

गेलेला असायचा तिसराच कुणीतरी.

"आप्पा, डोळे उघडा की. तो नाशिकचा पोरगा होता."

"आसंल. पण आवाज जावेदचा होता."

आता या माणसाशी काय वाद घालायचा? मी वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी त्या रस्त्यावर उभी राहिले आणि आप्पांनी ओळखलेला सायकलवाला बरोबर निघाला असं क्वचितच झालं. त्यांना त्याचं काडीचं वाईट वाटत नसे. मिटल्या डोळ्यांनी ते नेमकं काय बघत होते, कोण जाणे. एकदा मीही मिटून पाहिले. थंडी वाजली, बाकी काही नाही.

त्यांचं नाव रंगनाथ. पाचोडकडचं मोठं शेतकरी घराणं. शहरात बियाणांचं दुकान होतं आणि राहायला पडेगावात ऐसपैस अंगणाचं घर. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते गावाकडे पोरसवदा होते. "रझाकाराचं सरलं," ते सांगायचे, "अन् त्याच सुगीत आमच्या गावात एक नवा तलाठी सायकलीवर आला. तवर आमी घोडं बगितलं व्हतं, छकडा बगितला व्हता. पर हे येगळंच. खाणं नाय, पाणी नाय, अन् पळतंय. मी त्याच्या मागं शिवंपस्तोर पळत गेलतो. तलाठी हसत हसत गेला निघून. मी तिथंच बसलो, दिवस बुडंपस्तोर." हे सांगताना त्यांची नजर माझ्या खांद्यावरून कुठंतरी लांब जायची, आणि पुढचं वाक्य यायला बराच वेळ लागायचा. मला वाटायचं, हा माणूस अजून त्या शिवेवरच बसलेला आहे. दुकान, संसार, म्हातारपण हे सगळं त्याच्या भोवतीनं आपोआप होत गेलंय.

कॉलेजात असताना ते स्वतः सायकल चालवायचे आणि पुढे त्यांनीच शर्यत सुरू केली. पडेगावातून निघायचं, किल्ल्याच्या पायथ्यानं घाट चढून खुलताबाद गाठायचं आणि परत यायचं. शर्यतीला काही मोठं नाव नव्हतं, सगळे 'आप्पांची शर्यत' म्हणत. पण जिंकणाऱ्याला ढाल मिळे, आणि पुढे पुढे तर बाहेरच्या मोठ्या संघाचे लोक बघायला येऊ लागले. जो पहिला येई त्याला ते सरावाला घेऊन जात. मी तेव्हा एका कॉलेजात खेळाची शिक्षिका होते. शर्यतीत मुलींना का घेत नाही, म्हणून भांडायला पहिल्यांदा आप्पांच्या दुकानात गेले. ते शांतपणे भेंडीचं बी मोजून देत होते. माझं सगळं ऐकून म्हणाले, "तुमचं बराबर हाय, बाई. मग आता कामाला लागा." मी भांडायला गेले आणि समितीत बसून परत आले. समिती म्हणजे आप्पा, मी आणि एक डॉक्टर.

या शर्यतीची एक रीत होती. आदल्या दिवशी सांजेला आप्पांच्या अंगणात सगळ्या सायकलवाल्यांची पंगत बसायची. येसराची आमटी, भात, भाकरी, शिरा. सिल्लोडचा, पैठणचा, नाशिकचा, मुसलमान, मराठा, धनगर, सगळे एका रांगेत. काकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, चुलीपाशी असायच्या आणि आप्पा स्वतः वाढायचे. ज्याचं जेवण होत आलं त्याच्या पत्रावळीशेजारी ते नंबराचं कापड ठेवायचे. तेच कापड सकाळी पाठीला लावायचं. नावनोंदणी म्हणजे एवढीच. "पंगतीला बसला तो शर्यतीला उभा," आप्पांचं ठरलेलं वाक्य. आम्ही किती वेळा म्हटलं, आप्पा, आता जग बदललंय, रीतसर काहीतरी करू या. ते म्हणायचे, "करा की. पर पंगत राहू द्या." मग रीतसर काही झालंच नाही.

त्या पंगतीत वाढलेली दोन पोरं आप्पांची फार लाडकी होती. एक सिल्लोडचा जावेद, मक्याच्या आडतीवरच्या हमालाचा मुलगा, लाजरा आणि चिवट. दुसरा पाचोडजवळच्या वाडीतला सोपान. त्याच्या घरची मेंढरं. लहानपणी कळपामागं उन्हातान्हात हिंडून त्याच्या पायांत जे बळ आलं होतं ते बघून आप्पा हरखले आणि त्याला शिकायला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. काकू त्याला आपल्या हातानं भाकरी वाढायच्या. त्याला पहिली चांगली सायकल आप्पांनीच आणून दिली. जावेद एक वर्ष पुढं, सोपान एक वर्ष पुढं, असं त्यांचं चाललेलं असायचं, आणि घाट उतरून दोघं जोडीनं धुक्यातून बाहेर पडायचे तेव्हा माझ्यासारखी खाष्ट बाईही टाळ्या पिटायची.

मग एका वर्षी बातमी आली. कुठल्याशा राज्य पातळीवरच्या स्पर्धेत सोपानच्या लघवीचा नमुना घेतला होता आणि त्यात ताकद वाढवणारं औषध सापडलं होतं. निकाल मात्र लागला नव्हता. दुसरा नमुना तपासायचा होता, सुनावणी व्हायची होती, आणि आपली शर्यत तर आठवड्यावर आली होती. सोपान म्हणत होता की त्यानं काही घेतलेलं नाही.

आम्ही तिघं आप्पांच्या दुकानात बसलो. डॉक्टर म्हणाले, निर्णय होईपर्यंत त्याला घेऊ नये. मीही तेच म्हटलं, जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं. आप्पा बियाच्या पिशवीच्या तोंडाची सुतळी सोडत आणि बांधत होते. "अन् खरं नसलं तर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आणि खरं असलं तर? बाकीची पोरं काय मूर्ख म्हणून वर्षभर घाम गाळतात?" त्यांनी सुतळीची गाठ घट्ट मारली. मग म्हणाले, "व्हय. बराबर हाय तुमचं. मी सांगतो त्याला."

सांगतो म्हणाले, पण सांगितलं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. ज्याला घरात ठेवून वाढवला त्याला 'येऊ नको' म्हणायला त्यांची जीभ उचलली नाही. रोज सकाळी फोन हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे, हे काकूंनी मला नंतर सांगितलं.

पंगतीच्या दिवशी सोपान आला. आला तो थेट रांगेत बसला, जावेदच्या शेजारी. अंगणात कुजबूज उठली. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी आप्पांकडे. आप्पांच्या हातात आमटीची बादली होती. ते एकेकाला वाढत वाढत सोपानपाशी आले. तो मान खाली घालून बसला होता. मी पुढं होऊन हळूच म्हटलं, "आप्पा, आता तरी सांगा."

"पंगतीतून माणूस उठवायचा नसतो, बाई," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. त्यांनी त्याला आमटी वाढली, भात वाढला, आणि जेवण होत आल्यावर त्याच्या पत्रावळीशेजारी नंबराचं कापड ठेवलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगते, त्या अंगणात त्या क्षणी मलाही त्याला उठवता आलं नसतं. आमच्याकडे वैऱ्यालासुद्धा जेवत्या ताटावरून उठवत नाहीत. भावकीच्या लग्नात कुणाला कधी पंगतीतून उठवलं असेल तर ते तीन पिढ्या बोललं जातं. आप्पांना वाटलं, हाच न्याय शर्यतीलाही लागतो.

दुसऱ्या दिवशी धुकं नेहमीपेक्षा दाट होतं. किल्ला दिसतच नव्हता, नुसता त्याचा माथा वर कुठंतरी सुटून तरंगत होता. आम्ही वडाखाली उभे होतो. परतीची सळसळ आली, एकच आली, आणि गेली. आप्पा डोळे मिटून म्हणाले, "सोपान." त्या दिवशी ते बरोबर होते. जावेद त्याच्यामागून आला, बराच मागं पडून. त्याचा चेहरा मी बघितला. तो समोर बघत नव्हता, स्वतःच्या पायांकडे बघत होता. ढाल सोपानला मिळाली आणि संघाचे लोक सोपानशी बोलून गेले.

निकाल लागायला आंबे पिकले. दुसऱ्या नमुन्यातही तेच निघालं आणि सोपानवर बंदी आली. तो ढाल घेऊन आप्पांकडे आला तेव्हा मी तिथंच होते. त्यानं ढाल ओट्यावर ठेवली आणि खाली बसला.

"कामून केलंस?" आप्पांनी विचारलं.

"समदेच घेत्यात म्हणले. मी नाय घेतलं तर मागं पडंन."

"मला इचारायचं."

"इचारलं आसतं तर तुमी नाय म्हणला आसता."

काकूंनी सोपानला पाणी दिलं, तो प्यायला आणि निघून गेला. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, पी हळद अन् हो गोरी, असल्यांचं असंच होणार. पण मला रात्रभर त्याच्या खाली घातलेल्या मानेचंच वाईट वाटत राहिलं.

दुसऱ्याच दिवशी आप्पांचा फोन आला. "बाई, सिल्लोडला येता का? जावेदची ढाल द्यायची हाय." एस.टी.त ते खिडकीशी बसले, मांडीवर कापडात गुंडाळलेली ढाल. बाहेर ऊन असं पेटलेलं होतं की जळगाव रस्ता पुढं पाण्यात बुडालेला दिसायचा, आणि गाडी जवळ गेली की ते पाणी सरकून पुन्हा पुढं. आप्पा त्याकडे एकटक बघत होते.

जावेद आडतीवरच भेटला. अंगावर मक्याचा भुस्सा, हातात पोत्याला घालायचा आकडा. आम्हाला बघून धावत आला, आप्पांच्या पाया पडला, चहा सांगितला. आप्पांनी कापड सोडून ढाल त्याच्या हातात दिली. "तुझी हाय. तवाच तुझी व्हती. मी चुकलो." त्यानं ती उलटसुलट बघितली, अदबीनं तिथंच पोती उचलणाऱ्या आपल्या वडिलांकडे दिली.

"सायकल कुठंय?" मी विचारलं.

"दिली मॅडम. मामूच्या पोराला दिली."

"कामून?" आप्पा म्हणाले.

जावेद हसला. मग त्याचं हसू मावळलं. "आप्पा, उस दिन मैं पूरी जान लगाके चलाया. उससे ज्यादा मेरे पास कुछ नै था. फिर भी वो इतना आगे. तो मेरेकू लगा, मेरे पांव में दमच नै." तो थांबला आणि मराठीत म्हणाला, "आता कळलं की मीच पहिला होतो. पण मधले सगळे महिने मी स्वतःला हळू समजत होतो ना. सरावाचं सुटलं, मनातूनच गेलं. आता सायकलींची सळसळ ऐकली तरी तिकडं बघवत नाही."

ढाल परत करता येते. हे कुठून परत करायचं? आप्पांनी चहाची बशी तशीच खाली ठेवली. जावेदच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्या माणसाला मी रडताना तेव्हाच एकदा पाहिलं.

परत येताना फुलंब्रीच्या आसपास ते आपल्याशीच बोलल्यासारखे बोलू लागले. "पंगत अन् शर्यत येक नसती, बाई. पंगतीत सोपान जेवला म्हणून जावेदचं पोट रिकामं ऱ्हात नाय. भात आजून टाकता येतो. शर्यतीत पयला नंबर येकच. तिथं मी याला वाढलं ते त्याच्या म्होरचं उचलून वाढलं." मग खिडकीवर डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. थोड्या वेळानं तसेच म्हणाले, "भीड माझी व्हती. किंमत भरली त्या पोरानं."

त्यानंतर आप्पांनी स्वतःच नियम केला. ज्याची तपासणी अडकलीय, निर्णय व्हायचाय, तो पंगतीला येईल, शर्यतीला उभा राहणार नाही. आणि हे कळवायचं ते फोनवर नाही, निरोप धाडून नाही. शर्यतीच्या आधी त्याच्या दारात जाऊन, तोंडानं.

नियम केला आणि पुढच्याच शर्यतीला तो वापरायची पाळी आली. आली तीही कुणावर? मंगलवर. मंगल पडेगावचीच, आप्पांच्या गल्लीच्या टोकाला राहणारी, आमच्या मुलींच्या गटातली सगळ्यात वेगवान पोर. मी तिला दोन वर्षं शिकवत होते. बाहेरच्या एका स्पर्धेत तिच्या पहिल्या नमुन्यात काहीतरी सापडलं आणि दुसऱ्याचा पत्ता नाही. मी आप्पांना म्हटलं, "हिचं वेगळं आहे, मी हिला ओळखते." आप्पांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मीच काय बोलतेय ते माझं मला ऐकू आलं आणि गप्प बसले.

त्यांना तेव्हा चालताना धाप लागायची. काठी घेऊन ते मंगलच्या दारात गेले, मी मागून. तिची आई दारात बसलेली, मंगल ओसरीवर सायकलची चेन पुसत होती.

"उद्या सांजेला जेवायला ये," आप्पा म्हणाले. "सायकल आणू नको."

तिच्या हातातलं फडकं थांबलं. "म्हंजी मी चोर?"

"नाय."

"मग?"

"मला म्हाईत नाय. तू खरी आसशील. पर मला म्हाईत नाय, अन् बाकीच्या पोरींचा दिस बी येकच हाय."

"अन् मी खरी निघाले तर? माझा दिवस कोण देणार? तुम्ही?"

"मी नाय देऊ शकत," आप्पा म्हणाले. ते ओसरीच्या कडेला टेकले, श्वास घेतला. "खरी निघालीस तर माझ्या दारात यायचं, अन् समद्या गल्लीला ऐकू जातील आशा शिव्या द्यायच्या. मी उंबऱ्यावर बसून ऐकीन. मधी येक शब्द बोलायचो नाय."

मंगल उठून आत गेली. पंगतीला आली नाही. आप्पांनी तिची पत्रावळ शेवटपर्यंत मांडून ठेवली होती.

चैत्रात आप्पा गेले. दुपारी अंगणातल्या खाटेवर पडले होते, तसेच गेले. सोपान खांदा द्यायला आला होता, जावेदही आला होता. लोक मला अजून विचारतात, निकाल लागायच्या आधीच एखाद्याला बाहेर ठेवायचं म्हणजे अन्याय नाही का? मी म्हणते, आहे. तरी बाहेर ठेवायचं. आणि मग ते सांगायला स्वतः त्याच्या दारात जायचं. आप्पांच्या मागं ते काम माझ्याकडे आलंय, आणि त्याची मला अजून सवय झालेली नाही.

मंगलचा निकाल श्रावणात लागला. दुसऱ्या नमुन्यात काहीही सापडलं नाही. पोरगी धुतल्या तांदळासारखी स्वच्छ होती. त्या दिवशी मी काकूंकडे शेंगा निवडत बसले होते. बाहेर ऊन-सावली चाललेली. मंगल सायकलवरून आली, फाटकाशी उतरली आणि अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली. कुठं बघावं तिला कळेना.

"आप्पा नाहीत ते माहीत आहे मला," ती म्हणाली. "पण त्यांनी यायला सांगितलं होतं."

काकूंनी सूप बाजूला केलं. गुडघ्यांवर हात देऊन उठल्या, पदर सावरला आणि जाऊन उंबऱ्यावर बसल्या. "मला म्हाईत हाय. सांगून गेलेत. दे," त्या म्हणाल्या. "मी मधी बोलायची नाय."

मंगलच्या तोंडून आधी आवाजच फुटेना. मग फुटला तो असा, की समोरची, शेजारची, पलीकडची दारं उघडली. ती आप्पांना नाव घेऊन बोलली. कसं त्यांनी दारात येऊन तिच्या आईसमोर तिला थांबवलं, कसं कॉलेजात एकेकानं विचारलं, कशी ती त्या सकाळी धुक्यात पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहिली आणि तरी सायकली गेलेल्या तिला ऐकू आल्या, कसं ते वर्ष आता कुणाच्या बापाला परत आणता येणार नाही. रडत होती आणि बोलत होती. गल्लीतली माणसं फाटकाशी गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, अगं, मेलेल्या माणसाला असं बोलू नये. काकूंनी त्याला हातानंच गप्प केलं.

मंगल थांबली. तिला धाप लागली होती.

"झालं," काकूंनी विचारलं, "का आजून हाय?"

मंगलनं मनगटानं नाक पुसलं. "हाय," म्हणाली.

"मग बोल."

आणि ती पुन्हा बोलू लागली. काकू उंबऱ्यावर बसून ऐकत होत्या.